नवख्या ॲडमिनसाठी सर्व्हर सेटिंगचं टूल बनवताय? मग स्क्रीन सगळ्यात शेवटी

अशी बरीच टूल्स बघितली, काही स्वतः पण बनवली, आणि चूक जवळपास सगळीकडे एकच. कॉन्फिग फाइल उघडायची, तिच्यातल्या प्रत्येक ओळीसाठी एक चौकोन काढायचा, खाली 'सेव्ह' बटण, झालं टूल. पण ज्याला त्या ओळीचा अर्थच माहीत नव्हता त्याला त्या चौकोनात काय भरायचं ते तरी कसं कळणार? फाइल उघडताना निदान हात थरथरायचा, फॉर्म बघून ती भीती पण जाते आणि सर्व्हर बसतो.

म्हणून क्रम उलटा करायचा. आधी माणसाचं काम समजून घ्या, मग सर्व्हरची खरी अवस्था वाचा, मग परतीची वाट बांधा, मग लिहिणं, मग तपासणी, आणि हे सगळं चालायला लागलं की मग स्क्रीन. उदाहरण म्हणून उबुंटूवरचा साधा वेब सर्व्हर घेतलाय, म्हणजे एनजिनएक्स (साइटची पानं पाठवणारा प्रोग्राम), पीएचपी (साइटचा कोड चालवणारी भाषा), एसएसएच (लांबून लॉगिन करायचा रस्ता) आणि यूएफडब्ल्यू फायरवॉल (कुठले पोर्ट, म्हणजे सर्व्हरची दारं, उघडे ठेवायचे ते ठरवणारा), कारण नवीन माणसाच्या हातात पहिल्यांदा हेच येतं. कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

## तयारी: कोड लिहायच्या आधी

ज्याच्यासाठी टूल बनवताय त्याच्या शेजारी निदान एक दिवस बसा. लांबून प्रश्नावली पाठवू नका, शेजारी बसा. आणि तो जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. मी एका संस्थेत असा बसलो होतो, तिथला मुलगा अकाउंट्समधून सर्व्हरवर आलेला, त्याने दिवसभरात एकदाही 'कॉन्फिगरेशन' हा शब्द वापरला नाही. तो म्हणायचा "पीडीएफ चढत नाहीये", "साइटवर कुलूप येत नाहीये", "डिस्क भरली का बघा ना सर". हीच तुमची मेनूची यादी, दुसरीकडे शोधायला जाऊ नका.

सोबत तीन गोष्टी हव्यात. एक व्हर्च्युअल मशीन, जिचा स्नॅपशॉट (पूर्ण मशीनची परत आणता येणारी प्रत) घेतलेला आहे आणि जी दिवसातून दहा वेळा मोडली तरी चालेल. त्या मशीनचा कन्सोल, म्हणजे एसएसएच बंद पडलं तरी आत शिरता येईल असा रस्ता. आणि एक वही, जिच्यात कुठल्या फाइलला तुमचं टूल हात लावणार आणि कुठल्या फाइलला कधीच लावणार नाही हे लिहायचं. ही दुसरी यादी बहुतेक जण करत नाहीत, आणि मग टूल हळूहळू सगळीकडे बोटं घालायला लागतं.

तपासा: यादीतलं प्रत्येक काम तुम्ही स्वतः हाताने, टूलशिवाय, एकदा करून बघितलंय का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## १. सेटिंगची नाही, कामाची यादी करा

"पीडीएफ चढत नाहीये" हेच घेऊ, कारण यात सगळं दिसतं.

माणसाला हवंय एवढंच की २० एमबीपर्यंतची फाइल अपलोड व्हावी. एनजिनएक्समध्ये क्लायंट मॅक्स बॉडी साइझ मुळात असते १ एमबी. पीएचपीमध्ये अपलोड मॅक्स फाइलसाइझ असते २ एमबी आणि पोस्ट मॅक्स साइझ ८ एमबी. म्हणजे एका इच्छेसाठी तीन आकडे बदलायचे, दोन वेगळ्या प्रोग्रामच्या फाइलींमध्ये. आणि तिन्ही एकमेकांशी जुळायला हवेत, पोस्टचा आकडा अपलोडपेक्षा थोडा मोठा लागतो कारण फॉर्ममधली बाकीची माहितीपण त्यातच मोजली जाते, आणि एनजिनएक्सचा त्याच्याइतका किंवा त्याहून मोठा.

नवखा माणूस यातला एक बदलतो. एनजिनएक्सचा राहिला तर ४१३ नंबरचा एरर तरी दिसतो, पण पोस्टचा राहिला तर पीएचपी फॉर्मची माहितीच रिकामी करून पुढे पाठवतं, पान साधं परत उघडतं, कसलाच एरर नाही. मग तो बिचारा तासभर ब्राउझर बदलून बघतो.

त्यात अजून एक खड्डा. उबुंटू आणि डेबियनवर कमांड लाइनच्या पीएचपीची पीएचपी.आयएनआय फाइल वेगळी आणि एफपीएमची (साइटसाठी पीएचपी चालवणाऱ्या सर्व्हिसची) वेगळी. कमांड लाइनवर तपासलं, २० दिसलं, साइटवर मात्र अजून २ च, असं होतं कारण बदलली भलतीच फाइल.

तर टूलमध्ये प्रश्न एकच विचारायचा: "सगळ्यात मोठी फाइल किती एमबीची चढवायची आहे?" बाकी तिन्ही आकडे, बरोबर एफपीएमची फाइल, दोन्ही सर्व्हिसचं रीलोड (बंद न करता नवी सेटिंग वाचायला लावणं), हे टूलचं काम. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कामाचा असाच कागद करा: प्रश्न कोणता, त्यामागे किती जागा बदलतात, कुठल्या क्रमाने.

इशारा: सुरुवातीला ८-१० कामं पुरे. "होऊन जाऊ दे, हे पण टाकू" असं करत ५० झाली की नवख्यासाठी परत तेच जंगल.

## २. सर्व्हरची खरी अवस्था वाचा, फाइल नाही

फाइलमध्ये लिहिलंय म्हणजे ते लागू आहे असं नसतं. एसएसएचचं उदाहरण सगळ्यात घातक. त्याच्या कॉन्फिगमध्ये एकच सेटिंग दोनदा आली तर पहिली चालते, नंतरची नाही. उबुंटूमध्ये मुख्य फाइलच्या वरच्या बाजूलाच दुसऱ्या फोल्डरमधल्या फाइली आत घेतल्या जातात, आणि क्लाउडवरच्या मशीनवर त्या फोल्डरमध्ये बऱ्याचदा क्लाउड-इनिटने (मशीन पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग करणाऱ्या प्रोग्रामने) टाकलेली एक फाइल असते, तिच्यात पासवर्डने लॉगिन 'येस'. आता तुमच्या टूलने मुख्य फाइलमध्ये 'नो' लिहिलं, स्क्रीनवर हिरवी टिक दाखवली, माणूस निर्धास्त झोपला, आणि सर्व्हर मात्र पासवर्ड घेतच राहिला. हे प्रत्यक्षात घडतं.

उपाय सोपा आहे, एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर प्रोग्राम) मायनस मोठा टी चालवा, ते सगळ्या फाइली जोडून शेवटी लागू होणारी किंमत सांगतं. एनजिनएक्सला पण मोठा टी आहे, सगळ्या आत घेतलेल्या फाइलींसकट पूर्ण कॉन्फिग छापतो. पोस्टफिक्सला (ईमेलचा सर्व्हर) पोस्टकॉन्फ मायनस एन, जे फक्त मुद्दाम लिहिलेल्या सेटिंग दाखवतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजी सेटिंग्जमध्ये 'पेंडिंग रीस्टार्ट' नावाचा कॉलमच आहे, म्हणजे बदल लिहिलाय पण अजून लागू नाही. हे सगळं तयार आहे, फक्त वापरायचंय.

फायरवॉलचंही तेच. डॉकरने (ॲप्स वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारा प्रोग्राम) बाहेर उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातो. यूएफडब्ल्यू म्हणतं बंद, बाहेरून बघितलं तर उघडा. तुमची स्क्रीन नुसतं यूएफडब्ल्यूला विचारून 'बंद' दाखवत असेल तर ती खोटं बोलतेय.

आणि कोणीतरी हाताने फाइल बदललेली असणारच. टूलने मागच्या वेळी काय लिहिलं त्याचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) ठेवा, या वेळी जुळला नाही तर थांबा, फरक दाखवा, विचारा. डोळे झाकून वर लिहून टाकलं तर त्या माणसाचा तुमच्या टूलवरचा विश्वास कायमचा जातो, आणि मग तो ते परत उघडत नाही.

## ३. परतीची वाट बांधा

ही पायरी सगळ्यात जास्त जण शेवटी ठेवतात, आणि मग राहूनच जाते.

मला एकदा रात्री फोन आला, "सर, काहीच केलं नाही ओ, फक्त फायरवॉल चालू केला आणि आता आतच जाता येईना." एसएसएचचा पोर्ट उघडायचा राहिला होता. यूएफडब्ल्यू चालू करताना विचारतं, की चालू एसएसएच कनेक्शन तुटू शकतं, पुढे जाऊ का? त्याने वाय दाबलं. नवखा माणूस असल्या प्रश्नाला वायच दाबतो, कारण त्याला पुढे जायचं असतं आणि प्रश्नाचं वजन त्याला माहीत नसतं. म्हणून इशाऱ्यावर भिस्त ठेवू नका, आपोआप परत फिरणारी व्यवस्था ठेवा.

नमुने डोळ्यासमोर आहेत. नेटप्लॅन ट्राय ही कमांड नेटवर्क बदलते आणि १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबलं नाही तर जुनं परत आणते. जुनिपरच्या राउटरवर 'कमिट कन्फर्म्ड' आहे, तिथे मुळात १० मिनिटं मिळतात. तुमच्या टूलमध्ये एसएसएच, फायरवॉल आणि नेटवर्क या तिघांना हे हवंच, बाकीच्यांना असलं तर उत्तम.

क्रम असा:

१) जुन्या फाइलींची प्रत, तारीख-वेळेसकट.
२) परत फिरवायची स्क्रिप्ट आधी लिहून, एकदा चालवून बघून ठेवा.
३) टायमर लावा.
४) आता बदल लागू करा.
५) माणसाने पुष्टी दिली तर टायमर रद्द, नाही दिली तर स्क्रिप्ट आपोआप चालेल.

इशारा: टायमर लॉगिनच्या सेशनमध्ये किंवा ब्राउझरच्या पानात ठेवू नका. कनेक्शन तुटलं की सेशन मरतं, त्याच्यासोबत टायमर पण मरतो, म्हणजे जेव्हा गरज तेव्हाच तो नाही. सिस्टमडी-रनने (सिस्टमडी म्हणजे उबुंटूवर सर्व्हिस सांभाळणारी व्यवस्था) सर्व्हरवरच स्वतंत्र टायमर लावा.

इशारा: "अजून कनेक्टेड आहे म्हणजे चालतंय" ही तपासणी चुकीची. आधीपासून जोडलेलं एसएसएच नवे नियम लागल्यावरही बऱ्याचदा चालूच राहतं, एसएसएच सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी जुनं सेशन तुटत नाही. पुष्टी नेहमी नव्या कनेक्शनवरून मागा: "ही खिडकी उघडीच ठेवा, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करा आणि तिथे दिसणारा आकडा इथे टाका." थोडं कटकटीचं वाटतं, पण रात्रीचे फोन यानेच थांबतात.

## ४. फाइल लिहिण्याची पद्धत

इथे फार लांबवत नाही, पण हे चार मुद्दे पाळाच. नवी फाइल त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा (म्हणजे मजकूर खरंच डिस्कवर उतरतो), मग रीनेम करा. रीनेम एका क्षणात होतं, अर्धवट फाइल कधीच दिसत नाही. तात्पुरती फाइल टेम्प फोल्डरमध्ये ठेवली तर ती वेगळ्या फाइलसिस्टमवर असू शकते आणि मग रीनेमऐवजी कॉपी होते, सगळा फायदा गेला. मालक आणि परवानग्या जुन्या फाइलच्याच ठेवा. आणि एनजिनएक्सच्या साइट्स-इनेबल्ड फोल्डरमधल्या फाइली सहसा सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी खूण) असतात, रीनेमने तो सिमलिंकच उडतो, म्हणून आधी मूळ फाइल कुठली ते शोधा.

शक्य असेल तिथे मुख्य फाइलला हात न लावता स्वतःची वेगळी छोटी फाइल टाका. नाव देताना मात्र विचार करा, एसएसएचमध्ये पहिली किंमत चालते म्हणून नावाच्या सुरुवातीचा आकडा लहान हवा, सिसकंट्रोल (कर्नलच्या सेटिंग) आणि सिस्टमडीमध्ये शेवटची चालते म्हणून मोठा. दोन्हीकडे ९९ लावून मोकळे होणारे बरेच आहेत.

## ५. तपासणी तीन थरांत

पहिला थर, माणसाने काय टाइप केलं. फोनवरून किंवा मराठी कीबोर्डवरून भरणारे आहेत, त्यामुळे '२०' देवनागरीत येणार. अशा वेळी "अवैध मूल्य" म्हणून त्याला हाकलू नका, गुपचूप रोमन आकड्यात बदला. वर्डमधून कॉपी केलेली वाकडी अवतरणचिन्हं, न दिसणाऱ्या स्पेस, शेवटची मोकळी जागा, हे सगळं साफ करा. एककांचं तर विचारूच नका. पीएचपीमध्ये २०एम चालतं, पण कोणी २०एमबी लिहिलं तर शेवटचं अक्षर बी बघून पीएचपी ते नुसते २० बाइट धरतं, एमबी नाही, बाइट! नव्या आवृत्त्या इशारा तरी देतात, जुन्या गप्प बसतात. म्हणून चौकोनात फक्त आकडा घ्या आणि 'एमबी' बाहेर छापून ठेवा.

दुसरा थर, व्याकरण. एनजिनएक्सला मायनस लहान टी, एसएसएचडीला पण मायनस लहान टी, अपाचीला (दुसरा एक वेब सर्व्हर) कॉन्फिगटेस्ट, एफस्टॅबसाठी (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ती फाइल) फाइंडमाउंट व्हेरिफाय, सुडोअर्ससाठी (ॲडमिनचे अधिकार कोणाला ती फाइल) व्हिसुडो. यातलं एकही पास झालं नाही तर रीलोडपर्यंत जायचंच नाही. एफस्टॅबबद्दल जास्त काळजी घ्या, तिथली चूक लगेच दिसत नाही, तीन महिन्यांनी मशीन रीबूट झालं की इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं आणि तोपर्यंत कोणी काय बदललं ते कोणाला आठवत नाही.

तिसरा थर, खरंच चालतंय का. व्याकरण पास म्हणजे काम झालं असं नाही. २० एमबी म्हणाला ना, मग टूलनेच १९ एमबीची खोटी फाइल साइटच्या खऱ्या नावाने चढवून बघावी आणि निकाल सांगावा. रीलोड पुरेसं होतं की रीस्टार्ट लागतं हे पण टूलला माहीत हवं. उबुंटू २४.०४ वर एसएसएचचा पोर्ट बदलला तर नुसतं एसएसएच सर्व्हिस रीलोड करून भागत नाही, सिस्टमडीचं डेमन-रीलोड आणि एसएसएच सॉकेटचं रीस्टार्ट लागतं.

तपासा: मुद्दाम एक अर्धविराम काढलेली फाइल द्या. टूलने जुनी फाइल जशीच्या तशी ठेवली का? साइट एक सेकंद तरी पडली का?

## ६. आता स्क्रीन

इथपर्यंत आलात की स्क्रीन बनवणं खरंच हलकं जातं, कारण काय दाखवायचं ते ठरलेलं असतं.

प्रत्येक कामाला एक पान. वर सध्याची अवस्था साध्या वाक्यात, "आत्ता २ एमबीपर्यंतची फाइल चढते". खाली एक प्रश्न. त्याखाली "काय बदलेल", म्हणजे कुठल्या फाइलमधली कुठली ओळ आधी कशी होती आणि आता कशी होईल, दोन रंगांत. हे लपवू नका, नवखा म्हणजे कायम नवखा राहणार नाहीये, चार वेळा ते बघून तो स्वतः शिकतो. आणि मराठी लेबल ठेवलंत तरी मूळ सेटिंगचं नाव बारीक अक्षरांत शेजारी राहू द्या, अडचण आली तर त्याला तेच नाव शोधावं लागणार आहे.

बटणावर 'ओके' आणि 'कॅन्सल' नको. "मर्यादा २० एमबी करा" आणि "काही बदलू नका" असं लिहा. साइट थोडा वेळ बंद पडणार असेल तर ते बटणाच्या वरच लिहा, खाली नाही. "तुम्हाला खात्री आहे का" हा प्रश्न सगळीकडे विचारला की कुठेच वाचला जात नाही, तो फक्त जिथे परतीची वाट नाही तिथेच ठेवा, उदाहरणार्थ डेटाबेस काढून टाकताना, आणि तिथे त्या डेटाबेसचं नाव हाताने टाइप करायला लावा.

'ॲडव्हान्स्ड' नावाचा टॅब करून उरलेलं सगळं त्यात कोंबणं टाळा. लोक तिथे जातातच, आणि तिथेच मोडतात.

## ७. चूक झाली की काय दिसेल

एरर संदेशात तीन गोष्टी: काय झालं, का झालं, आता कुठलं एक काम करायचं. आणि खाली मूळ इंग्रजी ओळ जशीच्या तशी, कॉपी करता येईल अशी.

नेहमीचा प्रसंग, एनजिनएक्स सुरू होत नाही, लॉगमध्ये ८० पोर्टवर बाइंड फेल्ड (म्हणजे पोर्ट धरता आला नाही). नुसतं "सर्व्हिस सुरू करता आली नाही" असं दाखवू नका. टूलला सहज कळू शकतं की तो पोर्ट कोणी धरलाय. मग लिहा: "८० नंबरचा पोर्ट अपाची वापरतंय, म्हणून एनजिनएक्स सुरू झालं नाही. या पोर्टवर दोन्हीपैकी एकच चालू ठेवता येईल. अपाचीवर सध्या या २ साइट चालू आहेत." शेवटचं वाक्य महत्त्वाचं, नाहीतर तो अपाची बंद करून मोकळा होईल आणि चालू साइट पाडेल.

सर्टिफिकेटचं, म्हणजे साइटवरच्या त्या कुलपाचं, पान वेगळ्या कारणाने जपा. लेट्स एन्क्रिप्ट (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) एका नावासाठी तासाला ५ फसलेले प्रयत्नच चालवून घेतं. तुमच्या टूलमध्ये 'पुन्हा प्रयत्न करा' बटण मोकळं सोडलं तर घाबरलेला माणूस ते पाच वेळा दाबणारच, मग डीएनएस (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं ती नोंद) दुरुस्त केलं तरी थांबावं लागतं. आधी डीएनएस याच सर्व्हरकडे येतंय का आणि ८० पोर्ट बाहेरून उघडा आहे का ते तपासा, मग स्टेजिंगवर (त्यांच्या सरावाच्या सर्व्हरवर) प्रयत्न, तो जमला तरच खरा. नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आणि संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्ये बंद केले, म्हणून किती दिवस उरले ते टूलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवं.

## ८. नवख्याला बसवा आणि गप्प बसा

ज्या माणसाच्या शेजारी बसला होतात त्यालाच बोलवा, शक्य तर अजून दोघांना. प्रत्येकाला पाच कामं द्या, त्यांच्याच शब्दांत. "पीडीएफ चढत नाहीये, बघ जरा." मग बोलायचं नाही. फार जड जातं, हात पुढे होतो, "अरे ते वरचं बटण" तोंडावर येतं, पण नका सांगू. तो जिथे दहा सेकंद थांबला ती जागा लिहून घ्या. माझ्या एका टूलमध्ये तिघेही 'लागू करा' आणि 'जतन करा' यातच अडकले, मी दोन बटणं ठेवली होती आणि मला त्यातला फरक अगदी स्वच्छ वाटत होता. आता एकच बटण आहे.

मग तुम्ही स्वतः मशीनला त्रास द्या. लिहिता लिहिता व्हर्च्युअल मशीन बंद करा. डिस्क पूर्ण भरून मग सेटिंग बदला, आधी फाइल रिकामी करून मग लिहिणारी टूल्स इथेच उघडी पडतात, शून्य बाइटची कॉन्फिग मागे राहते. दोन ब्राउझरमधून एकाच वेळी बदल करा. फायरवॉल बदलून पुष्टी न देता लॅपटॉप बंद करा आणि २ मिनिटांनी बघा.

सगळ्यात शेवटी टूल अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीबूट करा. साइट उघडली पाहिजे, एसएसएच लागलं पाहिजे, तुम्ही टाकलेल्या छोट्या फाइली साध्या एडिटरमध्ये वाचता आल्या पाहिजेत, आणि प्रत्येकीच्या पहिल्या ओळीत ती कशासाठी आहे आणि कधी लिहिली ते दिसलं पाहिजे. यातलं एक जरी झालं नाही तर चौथ्या पायरीवर परत जा.